मित्राच्या नावाने आलेलं पत्र

जुलै 2008मध्ये तिबेटी चळवळीतल्या मंडळींमध्ये एक ईमेल फिरत होतं. पाठवणाऱ्याच्या जागी लंडनच्या 'फ्री तिबेट' या संस्थेचा पत्ता होता. विषय होता निर्वासित तिबेटी लोकांच्या ओळखपुस्तिकेचं भाषांतर, आणि सोबत साधी वर्डची फाईल जोडलेली होती. संशय यावा असं त्यात काहीच नव्हतं. फाईल उघडली की मजकूर दिसायचा, वाचणारा वाचायचा आणि पुढच्या कामाला लागायचा. तेवढ्या वेळात संगणकात एक दुसरा प्रोग्रॅम उतरलेला असायचा. पुढे संशोधकांनी हीच फाईल चौतीस अँटीव्हायरसांपुढे ठेवली, तेव्हा तिच्यातलं विष फक्त अकरांना ओळखता आलं.

ज्यांच्या नावाने पत्र आलं त्यांनी ते पाठवलेलंच नव्हतं.

2008 हे साल तिबेटी लोकांसाठी फार कठीण होतं. मार्चमध्ये ल्हासात निदर्शनं पेटली आणि ती मोडून काढली गेली. ऑगस्टमध्ये बीजिंगला ऑलिम्पिक भरायचं होतं. दलाई लामांचे दूत आणि चीन सरकार यांच्यात बोलण्यांच्या फेऱ्या चालू होत्या. या सगळ्याचा कारभार हिमाचलातल्या धरमशाला या डोंगरी गावातून चालायचा. दलाई लामांचं खासगी कार्यालय तिथलंच, निर्वासित सरकारची कार्यालयंही तिथलीच. संगणकांवर बसणारी माणसं म्हणजे भिक्खू, कारकून, तरुण स्वयंसेवक. जगभर पसरलेल्या समाजाला बांधून ठेवणारा धागा म्हणजे ईमेल. आपल्याकडे हिवाळ्यात स्वेटर विकायला येणारे तिबेटी आपण वर्षानुवर्षं पाहतो, गोंदिया जिल्ह्यात त्यांची नॉर्ग्येलिंग ही वसाहतही आहे. अशा विखुरलेल्या लोकांना एकमेकांचं पत्र उघडावंच लागतं. घात करणाऱ्याने नेमकं हेच हेरलं होतं.

आपल्या हालचाली कुणाला तरी आधीच कळतात, ही शंका धरमशालेत बळावत चालली होती. एकदा दलाई लामांच्या कार्यालयाने एका परदेशी मुत्सद्द्याला भेटीचं निमंत्रण ईमेलने धाडलं. त्या पाठोपाठ फोन करायचा होता. पण त्यांचा फोन जाण्याआधीच त्या मुत्सद्द्याच्या कार्यालयाला चीन सरकारकडून फोन गेला आणि ही भेट घेऊ नये असं सुचवण्यात आलं. निमंत्रणाची गोष्ट फक्त दोन कार्यालयांना ठाऊक होती. मग तिसऱ्याला ती कळली कशी?

ते शोधायला माणसं आली. टोरांटो विद्यापीठातली 'सिटिझन लॅब' आणि ओटावाचा 'सेकडेव्ह ग्रुप' यांच्या 'इन्फर्मेशन वॉरफेअर मॉनिटर' या संयुक्त प्रकल्पाने जून 2008मध्ये तपास हाती घेतला. ग्रेग वॉल्टन धरमशालेत प्रत्यक्ष काम करत होते. सप्टेंबरमध्ये शिशिर नागराजा हे भारतीय संशोधकही तिथे पोचले. केंब्रिजचे रॉस अँडरसन आणि नागराजा यांनी पुढे स्वतंत्र अहवाल लिहिला. दलाई लामांच्या कार्यालयाच्या संगणकांतून बाहेर जाणारी माहितीची वाहतूक संशोधकांनी टिपून घ्यायला सुरुवात केली. कुणी काम करत नसतानाही काही संगणक दूरच्या पत्त्यांशी बोलत होते. त्यातला एक पत्ता 'मॅकफीरिस्पॉन्स' अशा नावाचा होता. प्रसिद्ध अँटीव्हायरस कंपनीच्या नावाला अगदी चिकटून, घाईत पाहणाऱ्याला खराच वाटावा असा. त्या वाहतुकीत दलाई लामांच्या कार्यालयाचे दस्तऐवज होते. एकात हजारो ईमेल पत्ते होते. दुसऱ्यात दूताने वाटाघाटीत काय भूमिका घ्यायची याची चर्चा होती. वाटाघाटीच्या टेबलावर बसण्याआधीच यांच्या हातातले पत्ते कुणीतरी वाचत होतं.

हे घडत कसं होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण संगणकात गुपचूप चोरवाट पाडणारे प्रोग्रॅम, म्हणजे बॅकडोअर, आजही अनेकदा याच वाटेने आत येतात.

वर्डच्या फाईलमध्ये मजकुराबरोबर एक खोडसाळ तुकडा दडवलेला असतो. वर्ड किंवा पीडीएफ उघडणाऱ्या जुन्या, दुरुस्त न केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी चूक राहिलेली असते. फाईल उघडताना त्या चुकीचा फायदा घेऊन तो तुकडा चालू होतो, डिस्कवर आपली एक फाईल उतरवतो आणि विंडोजच्या सेवांच्या यादीत स्वतःचं नाव घालतो. नाव असं निवडलेलं असतं की ते विंडोजचंच वाटावं. टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर वेगळं काही दिसत नाही, कारण विंडोजच्या स्वतःच्या सेवा ज्या 'एसव्हीसीहोस्ट' नावाखाली चालतात त्याच नावाखाली हाही चालतो. संगणक बंद करून पुन्हा चालू केला तरी सेवांबरोबर तोही जागा होतो.

पुढचा भाग सगळ्यात धूर्त आहे. बाहेरून कुणी संगणकाला हाक मारली तर फायरवॉल अडवते, म्हणून हा प्रोग्रॅम हाकेची वाट बघत नाही. तो स्वतःच बाहेर, आपल्या मालकाच्या सर्व्हरला जोडणी करतो. सोसायटीचा रखवालदार आत येणाऱ्याची वही भरून घेतो, पण घरातून बाहेर पडणाऱ्याला कुठे चाललात म्हणून विचारत नाही. फायरवॉलचंही तसंच होतं. त्या जोडणीवरून मालकाचे हुकूम येतात. काही हुकूम आणि नवी सामग्री चित्राच्या फाईलचं सोंग घेऊन यायची, म्हणजे वाहतूक पाहणाऱ्याला वाटावं की कुणी छायाचित्रं बघतोय.

धरमशालेच्या संगणकांवर बसवलेल्या प्रोग्रॅमचं नाव होतं 'घोस्ट रॅट'. रॅट म्हणजे दुरून ताबा मिळवून देणारं साधन. ते चिनी प्रोग्रॅमरांनी बनवलेलं होतं आणि इंटरनेटवर कुणालाही मिळत होतं. एकदा ते बसलं की दुसऱ्या टोकाच्या माणसाला पडद्यावरचं सगळं दिसतं, दाबलेली प्रत्येक कळ नोंदली जाते, फायली हव्या तशा उचलता येतात, नको त्या ठेवता येतात, मायक्रोफोन आणि कॅमेराही चालू करता येतो. म्हणजे टेबलावरचा संगणक खोलीतलं बोलणं ऐकू शकतो. संशोधकांच्या कामी एक गोष्ट आली : हा प्रोग्रॅम पाठवत असलेल्या माहितीच्या प्रत्येक गाठोड्याच्या सुरुवातीला त्याचं नाव पाच अक्षरांत असायचं, त्यातल्या ओऐवजी शून्य. बाकीची माहिती आवळून दाबलेली, वाचता न येणारी, पण ही पाच अक्षरं उघडी. वाहतुकीत ती दिसली की समजायचं, घरात कुणीतरी आहे.

केंब्रिजच्या अहवालात आणखी एक प्रसंग नोंदला आहे आणि मला तो साऱ्या प्रकरणात सगळ्यात अस्वस्थ करणारा वाटतो. हल्लेखोरांनी आधी काही भिक्खूंचे संगणक ताब्यात घेतले. तिथून परवलीचे शब्द मिळवून टपालाच्या सर्व्हरवर पोचले. मग एका भिक्खूने दुसऱ्याला पाठवलेलं खरं पत्र त्यांनी मध्येच धरलं, जोडलेली फाईल काढून तिच्या जागी विषारी फाईल लावली आणि पत्र पुढे जाऊ दिलं. मजकूर खरा, पाठवणारा खरा, संदर्भ खरा, आणि ज्या फाईलची वाट पाहत होतो तीच फाईल. असं पत्र कुणीही उघडेल. अनोळखी माणसाचं पत्र उघडू नका, हा आपण एकमेकांना देत असलेला सल्ला इथे कामाचा नाही, कारण इथे अनोळखी कुणीच नव्हतं.

या चोरीचं मोल काय, ते टोरांटोच्या अहवालातल्या एका तरुणीच्या हकिकतीवरून कळतं. धरमशालेत 'द्रेवला' नावाची संस्था होती. तिथे चिनी भाषा येणारे तिबेटी तरुण इंटरनेटवर चीनमधल्या लोकांशी गप्पा मारत आणि तिबेटची बाजू समजावून सांगत. तिथे दोन वर्षं काम केलेली एक तरुणी घरी, तिबेटमधल्या आपल्या गावी निघाली. नेपाळ-तिबेट सरहद्दीवर तिला अटक झाली आणि दोन महिने कोठडीत ठेवण्यात आलं. आपण धरमशालेत फक्त शिकायला गेलो होतो, राजकारणाशी संबंध नाही, असं तिने सांगितलं. तेव्हा अधिकाऱ्यांनी तिच्यासमोर कागदांची चळत ठेवली. तिने काही वर्षांत इंटरनेटवर मारलेल्या गप्पांच्या त्या अक्षरशः प्रती होत्या. संस्था काय करते हे आम्हाला ठाऊक आहे, तुझ्या साथीदारांनी तिबेटमध्ये पाय ठेवू नये, असं बजावून तिला गावी पाठवण्यात आलं. ते कागद नेमके कोणत्या मार्गाने तिथे पोचले हे अहवाल ठामपणे सांगत नाही. पण द्रेवलाच्या संगणकावरही तशीच लागण सापडली होती.

मग तपास टोरांटोत गेला. नार्ट व्हिलेन्यूव्ह हे सिटिझन लॅबचे संशोधक धरमशालेहून आलेली वाहतूक तपासत बसले होते. त्यात बावीस अक्षरांची एक विचित्र माळ पुन्हा पुन्हा दिसत होती. त्यांनी ती गूगलवर टाकून पाहिली, आणि उत्तर मिळालं. ते पोचले थेट हल्लेखोरांच्या नियंत्रण सर्व्हरच्या पानावर, आणि त्या पानाला कुलूपच नव्हतं. दुसऱ्यांच्या घरांना चोरवाटा पाडणाऱ्यांनी स्वतःच्या दाराला परवलीचा शब्द लावला नव्हता.

आत काय होतं? एका पानावर लागण झालेल्या संगणकांची यादी, दुसऱ्यावर त्यांना हुकूम सोडण्याची सोय, तिसऱ्यावर हुकूम पाळले गेले की नाही याची नोंद. संशोधकांनी स्वतःच्या एका संगणकाला मुद्दाम लागण होऊ दिली आणि त्यालाही यादीत सामील करून घेतलं, म्हणजे समोरून काय येतं ते पाहता येईल. चार नियंत्रण सर्व्हर सापडले : हैनान बेटावर, ग्वांगडोंगमध्ये, सिचुआनमध्ये आणि एक चक्क अमेरिकेत, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका होस्टिंग कंपनीकडे. घोस्ट रॅटच्या जोडण्या हैनानमधल्या साध्या, विकत घेतलेल्या इंटरनेट खात्यांकडे जात होत्या.

29 मार्च 2009 रोजी टोरांटोचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात या जाळ्याला 'घोस्टनेट' म्हटलं होतं. 103 देशांतले 1,295 संगणक त्यात अडकले होते आणि त्यातले जवळपास 30 टक्के महत्त्वाच्या ठिकाणचे होते : इराण, बांगलादेश, भूतान, इंडोनेशियाची परराष्ट्र मंत्रालयं, आशियाई विकास बँक, आसियानचं सचिवालय, वृत्तसंस्था, नाटोच्या मुख्यालयातला एक संगणक. भारताचे अनेक दूतावासही यादीत होते. पहिली नोंद 22 मे 2007ची होती. एखादा संगणक सरासरी 145 दिवस हल्लेखोरांच्या हाती राहायचा, आणि एक तर 660 दिवस होता. जवळपास दोन वर्षं एखाद्या कार्यालयात कुणीतरी अदृश्य बसून आहे आणि त्या दिवसांत कुणालाही कसली चाहूल लागलेली नाही, हे डोळ्यांसमोर आणून पाहावं.

चीन सरकारने आरोप साफ नाकारला. टोरांटोच्या संशोधकांनीही हे सरकारचंच काम असा निष्कर्ष काढला नाही. सर्व्हर तिथे आहे म्हणजे हुकूम तिथूनच आला असं ठरत नाही, इतकी सावधगिरी त्यांनी पाळली. केंब्रिजच्या अहवालाने मात्र स्पष्टपणे चीनकडे बोट दाखवलं. माझ्या मते दोन्ही अहवाल एकत्र वाचावेत. पहिला पुराव्याची मर्यादा शिकवतो आणि दुसरा हे शिकवतो की असा हल्ला करायला फार मोठं सैन्य लागत नाही. फुकट मिळणारं साधन, थोडी चिकाटी आणि समोरच्या माणसांच्या नात्यांचा अभ्यास, एवढं पुरे.

अहवाल आला आणि सर्व्हर भराभर बंद झाले. पण खोड मोडली नाही. 6 एप्रिल 2010 रोजी त्याच संशोधकांनी 'शॅडोसर्व्हर फाउंडेशन'च्या साथीने दुसरा अहवाल काढला आणि त्याचा मोठा भाग आपल्या देशाबद्दल होता. या वेळी हुकूम ट्विटर, गूगल ग्रुप्स, ब्लॉग आणि याहू मेल यांच्या आडून दिले जात होते. म्हणजे कार्यालयातून ट्विटरकडे जाणारी वाहतूक पाहून कुणाला काय वाटणार! परत मिळालेल्या चोरीच्या मालात भारत सरकारचे गोपनीय शिक्के असलेले दस्तऐवज होते, ईशान्येतल्या राज्यांच्या आणि नक्षलवादाच्या सुरक्षेविषयीची टिपणं होती, आपल्या वकिलातींकडे व्हिसा मागणाऱ्यांची माहिती होती. दलाई लामांच्या कार्यालयातून 2009 या एका वर्षात गेलेली सुमारे दीड हजार पत्रंही होती. म्हणजे पहिला अहवाल गाजला त्याच वर्षातली पत्रं पुन्हा त्याच कार्यालयातून चोरीला गेली होती.

यावरून बॅकडोअर काढणं म्हणजे काय याचा अंदाज येतो. एक फाईल शोधून पुसली की काम झालं, अशी समजूत असते. पण ज्याला संगणकाचा पूर्ण ताबा मिळाला होता त्याने तेवढ्या काळात दुसरं काय काय ठेवून दिलं असेल, हे सांगता येत नाही. त्याने आणखी एखादा प्रोग्रॅम बसवला असेल, नवं खातं उघडलं असेल, अँटीव्हायरसला डोळे मिटायला लावलं असेल. लागण झालेल्या विंडोजलाच स्वतःची तपासणी करायला सांगण्यात अर्थ नसतो.

म्हणून जाणकार जे करतात ते असं : आधी नेटवर्कची वायर काढायची, वाय-फाय बंद करायचं, म्हणजे हुकूमही येत नाहीत आणि माहितीही जात नाही. प्रकरण गंभीर असेल, पोलिसांत जायचं असेल, तर डिस्कची जशीच्या तशी प्रत आधी काढून ठेवायची, नाहीतर सफाईत पुरावाच धुऊन जातो. तपासणी करायची तर दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक चालू करून करायची. आणि महत्त्वाचं कार्यालय असेल, पैशाचा किंवा लोकांच्या जिवाचा प्रश्न असेल, तर फक्त कागदपत्रं बाजूला काढून डिस्क पूर्ण पुसायची आणि विंडोज नव्याने बसवायची, तीही मूळ, परवान्याची. आपल्याकडे गल्लीतल्या दुकानातून फुकटात 'मारून' घेतलेली विंडोज आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअर फार चालतात. त्या क्रॅकमध्येच कितीदा चोरवाट येते, आणि अशा विंडोजवर दुरुस्त्याही बहुधा बंदच ठेवलेल्या असतात. त्यानंतर सगळे पासवर्ड बदलायचे, पण त्याच संगणकावरून नव्हे, दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून. ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आपलं टपाल कुठे परस्पर पुढे पाठवलं जात नाही ना, हेही बघायचं. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि मग संगणक स्वच्छ असूनही पत्रं गळत राहतात.

तिबेटी समाजाने याच्या पुढची पायरी गाठली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. 'तिबेट ॲक्शन इन्स्टिट्यूट' या संस्थेने जोडलेल्या फायली पाठवूही नका आणि उघडूही नका, अशी मोहीम चालवली. मठामठांत जाऊन भिक्खूंना शिकवलं की दस्तऐवज पाठवायचा तर गूगल ड्राइव्हवर ठेवून पाठवा, म्हणजे विषारी फाईल थेट आपल्या संगणकावर उघडणार नाही. 2018मध्ये त्यांनी तिबेटी संस्थांसाठी स्वतःचं संगणक-सुरक्षा पथक उभं केलं. ज्या समाजाकडे ना सैन्य ना स्वतःचा देश, त्याने हे केलं. हल्ले थांबले नाहीत, मोबाइलवर येऊ लागले, पण आता तिथला भिक्खू विचारतो : हे तू पाठवलंस का?

सफाईच्या इतिहासातला अलीकडचा प्रसंगही इथे नोंदला पाहिजे. 'प्लगएक्स' हाही अशाच जातीचा जुना बॅकडोअर. त्याचा एक प्रकार पेनड्राइव्हवरून आपोआप पसरायचा आणि पसरवणाऱ्यांनी तो वाऱ्यावर सोडला होता. लागण झालेले संगणक मात्र इमानेइतबारे एका ठरलेल्या आयपी पत्त्याला हाक मारत होते. सप्टेंबर 2023मध्ये 'सेकोया' या फ्रेंच कंपनीने तो पत्ता अवघ्या 7 डॉलरना मिळवला. दररोज 90 हजारांहून अधिक आयपी पत्त्यांवरून हाका येऊ लागल्या. सहा महिन्यांत 170 देशांतून पंचवीस लाखांच्या आसपास पत्ते! त्या बॅकडोअरमध्ये स्वतःला पुसण्याचा हुकूम बनवणाऱ्यांनीच घालून ठेवला होता. पण लोकांच्या संगणकात त्यांना न विचारता हुकूम सोडायचा अधिकार कुणाला? सेकोयाने तो निर्णय देशोदेशीच्या सरकारांवर सोडला. 2024मध्ये फ्रान्सच्या यंत्रणांनी सफाई सुरू केली. अमेरिकेत एफबीआयने कोर्टाची परवानगी घेऊन 4,258 संगणकांतून तो काढला आणि जानेवारी 2025मध्ये तसं जाहीर केलं. दार उघडायला कुणी परवानगी मागितली नव्हती. बंद करायला मात्र न्यायाधीशांची सही लागली, आणि ती लागली हेच योग्य.

पण पेनड्राइव्हवर लपलेल्या प्रती त्या हुकुमाने जात नाहीत. त्या ज्याने त्यानेच शोधायच्या.

आपल्याकडे सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेने 2017मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केलं. तिथून संगणक तपासण्याची साधनं फुकट उतरवून घेता येतात, आणि ती बनवणाऱ्यांत पुण्याची क्विक हील आहे. शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत, छोटं कार्यालय, कुणालाही ती वापरता येतील. ती वापरावीत. आणि कधी आपल्या संगणकात असं काही सापडलंच, तर सफाई करून गप्प बसू नये. गेल्या काही महिन्यांत आपल्या पत्त्यावरून ज्यांना ज्यांना पत्रं आणि फायली गेल्या असतील, त्या प्रत्येकाला फोन करून सांगावं. लाज वाटेल, तरी सांगावं, कारण त्यांनी ती फाईल आपलं नाव बघून उघडलेली असते.